मिस्त्रीकाका, तेव्हा वाद घातला, आता आभार मानतोय

काका नमस्कार,

फोनवर थँक्यू म्हणालो तर तुम्ही "बरं बरं, पाणी येतंय का सांग" एवढंच विचारून फोन ठेवलात, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय.

तुम्ही यायच्या आधी घरातल्या ओलीवर दोनदा खर्च झालेला होता. खालच्या खोलीत जमिनीपासून कंबरेपर्यंत ओल, रंगाचे पोपडे आणि भिंतीवर पांढरा लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर आलेला क्षार, बोट फिरवलं की पीठ हातात यावं तसा. आधीच्या माणसाने आतून वॉटरप्रूफ कोटिंग मारून दिलं, एका पावसाळ्यात ते फुगे येऊन सुटलं, मग दुसऱ्याने प्लास्टर तोडून परत केलं आणि वर ऑइलपेंट मारला, तर ओल अजून फूटभर वर चढली. तुम्हाला बोलावलं तेव्हा मी वैतागलेलो होतो आणि मला फक्त "कुठलं केमिकल लावू" एवढंच ऐकायचं होतं.

तुम्ही भिंतीकडे बघितलंच नाहीत! सरळ बाहेर जाऊन घराला एक चक्कर मारलीत आणि मागच्या कोपऱ्यात छपराच्या पाइपाखाली उकिडवे बसलात. पाइपाचं तोंड जोत्यापासून वीतभर अंतरावर, खाली खड्डा पडलेला, आणि अंगणाचा उतार पण घराकडेच. तुम्ही म्हणालात, "छपराचं सगळं पाणी तू स्वतःच घराच्या पायात सोडतोयस आणि आतून रंग मारतोयस." खरं सांगतो, तेव्हा राग आला होता.

मग ते काचेचं प्रकरण. त्या कोपऱ्यातली भेग खिडकीपासून जोत्यापर्यंत तिरकी पायऱ्यापायऱ्यांनी उतरलेली, दुसरी बारीक उभी भेग पुढच्या बाजूला. दोन्हीवर तुम्ही प्लास्टरने काचेची पातळ पट्टी चिकटवलीत, बाजूला पेन्सिलने तारीख लिहिलीत आणि "दोन महिने थांब" म्हणून निघून गेलात. मला वाटलं हा माणूस काम टाळतोय. दीड महिन्याने कोपऱ्यातली काच मधोमध तडकली, पुढची तशीच राहिली, म्हणजे पुढची भेग आता हलत नाही आणि कोपरा अजून खाली बसतोय, हे त्या दिवशी न सांगता कळलं. आधी भेग भरली असती तर ती शेजारी परत फुटली असती, हे तुम्ही नंतर सांगितलंत.

पायाजवळच्या खोदाईच्या वेळी पण मी घाई केली, सगळी भिंत एकदम उघडी करा म्हणालो, लवकर होईल. तुम्ही नाही ऐकलंत ते बरं झालं. मीटरभराचा तुकडा खोदायचा, पायाखालची मऊ झालेली माती काढून काँक्रीट भरायचं, ते पक्कं होईपर्यंत शेजारच्या तुकड्याला हात लावायचा नाही, एक सोडून एक. भिंतीचं वजन कुठेतरी टेकलेलं राहायला हवं ना, आता इतकं साधं वाटतंय.

कोटिंग बाहेरून का, हे तुम्ही समजावलंत ते मी आता येईल त्याला सांगत असतो. बाहेरून लावलं तर पाण्याचा दाब त्या थराला भिंतीवर दाबून धरतो, आतून लावलं तर तोच दाब त्याला भिंतीपासून ढकलून काढतो, म्हणून ते फुगे. भिंत घासून, भेगा भरून, दोन हात, पहिला आडवा दुसरा उभा, आणि वर संरक्षणाचे बोर्ड, नाहीतर माती भरताना दगड थर फाडतात. तळाला पाणी वाहून न्यायला भोकांचा पाइप, कापडात गुंडाळलेला, भोवती खडी. मी भोकं वरच्या बाजूला ठेवली होती, तुम्ही काही न बोलता पाइप फिरवलात. पाणी खालून चढतं, ते चढायच्या आधी पाइपात शिरायला हवं, म्हणून भोकं खाली. माती पण सहा सहा इंचाचे थर करून ठोकून भरलीत आणि शेवटी घरापासून बाहेरच्या बाजूला दहा फुटांत सहा इंच उतार, तोही लेव्हल लावून दोनदा तपासलात.

सगळ्यात जास्त आभार एका गोष्टीचे. काम संपल्यावर मी आतला रंग पण लगेच उरकून टाका म्हणालो, तुमचेच पैसे वाढले असते, पण तुम्ही नाही म्हणालात. भिंत सुकायला महिने लागतात, तोवर लोणा कोरड्या ब्रशने झाडत राहा, ओल्या फडक्याने नको, तो विरघळून परत आत जातो. तसंच केलं. तुम्ही दाखवल्याप्रमाणे प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवतो आणि दोन दिवसांनी काढून बघतो. आधी भिंतीकडच्या बाजूला थेंब जमायचे. या पावसाळ्यात, तेही सलग पाच दिवस पाऊस लागलेला असताना, कोरडं निघालं, मी तीन वेळा परत लावून बघितलं, विश्वासच बसेना.

कोपऱ्यात नवीन काच लावून गेला होतात ती अजून अख्खी आहे. मागचं दार मात्र अजून खाली घासतंय, पण वर्षभर रंधा मारू नकोस म्हणाला होतात, म्हणून खांद्याने ढकलूनच उघडतोय.