ईसीयूला दोष देण्याआधी अर्थ तपासा

संपादक महाशय,

जपानहून आयात केलेल्या नव्वदीच्या दशकातल्या स्पोर्ट्स कार, म्हणजे निसान ३००झेडएक्स, स्कायलाइन, माझदा आरएक्स-७, टोयोटा सुप्रा, मित्सुबिशी जीटीओ, यांच्यात विजेची तक्रार आली की बहुतेक ठिकाणी सरळ ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) नाहीतर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे जनित्र) बदलायला सांगतात. आम्ही याच कामात आहोत आणि हा सल्ला ऐकून जीव तुटतो. या गाड्यांचे कितीतरी मूळ भाग कंपन्यांनी बनवणे कधीच बंद केले आहे. चांगला ईसीयू काढून कुठल्या तरी मोडीत निघालेल्या गाडीचा बसवायचा आणि दोष मात्र तिथेच राहायचा, असे वारंवार होते. दोष बहुधा गंजलेल्या अर्थमध्ये (बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिनाशी आणि बॉडीशी असलेली जोडणी), सैल कनेक्टरमध्ये किंवा आधीच्या मालकाने मारलेल्या जोडात असतो.

सुरुवात बॅटरीपासून करावी. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली नाही आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले पाहिजेत. हे आकडे जुळत नसतील तर पुढची कुठलीही तपासणी फसवी ठरते. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू इंजिनवर बॅटरीची टोकेही मोजावीत. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अल्टरनेटरच्या डायोडवर संशय घ्यावा. तसल्या चार्जिंगची खरखर सेन्सरच्या सिग्नलमध्ये शिरते, इंजिन मिसफायर करते आणि मग लोक इग्निशन कॉइल बदलत बसतात. अल्टरनेटर काढण्याआधी त्याच्या छोट्या प्लगमधल्या ‘एल’ आणि ‘एस’ या दोन वायरी पाहाव्यात. ‘एल’ चार्जिंगच्या दिव्याची असते. ‘एस’ बॅटरीचे व्होल्टेज रेग्युलेटरला कळवते. ती तुटली की अल्टरनेटर ठणठणीत असूनही चार्जिंग चुकते.

आता अर्थ. इथे ओहम मोजून काहीही कळत नाही, आणि नेमके तेच सगळे करतात. मीटर ओहम मोजताना अगदी नाममात्र करंट सोडतो, त्यामुळे केबलची एकच तार शिल्लक असली तरी जोड चांगला दिसतो. समजा अर्थच्या जोडात ०.०५ ओहम अडथळा आहे. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा याहून जास्त असतो, म्हणजे तो दिसणारच नाही. पण सेल्फने १०० अँपिअर ओढले की त्याच जोडावर ५ व्होल्ट खर्च होतात आणि स्टार्टर नुसता खट्ट करतो. म्हणून व्होल्टेज ड्रॉप मोजावा, तोही लोड चालू असताना. फ्युएल पंपाचा फ्यूज काढावा म्हणजे गाडी सुरू होणार नाही. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून लाल टोक इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर आणि काळे टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरावे. खांबावरच, क्लॅम्पवर नाही. कारण खांब आणि क्लॅम्प यांच्यामधला पांढरा थर हाच अनेकदा चोर असतो. सेल्फ मारताना ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थ खराब. पॉझिटिव्ह खांब ते स्टार्टरचा जाड बोल्ट असे मोजताना अर्ध्या व्होल्टपर्यंत चालते. ईसीयूच्या अर्थ पिना आणि बॅटरी निगेटिव्ह यांच्यात मात्र चालू इंजिनवर ०.१ व्होल्टही जास्तच समजावा. सेन्सरचे सगळे सिग्नल ० ते ५ व्होल्टमध्ये येतात, आणि अर्थ वर सरकली की ईसीयू ते सगळेच चुकीचे वाचतो. अर्थचा बोल्ट काढून खालचा रंग आणि गंज धातू चमकेपर्यंत घासावा, बोल्ट आवळावा, वरून ग्रीस लावावे.

दुसरे ठिकाण म्हणजे जपानमध्येच नंतर बसवलेल्या वस्तू: टर्बो टायमर (किल्ली काढल्यावरही इंजिन थोडा वेळ चालू ठेवणारा), बूस्ट कंट्रोलर (टर्बोचा दाब ठरवणारा), अलार्म, टोलचे ईटीसी यंत्र, जुने नेव्हिगेशन. टर्बो टायमर बहुधा इग्निशन स्विचच्या प्लगमध्ये वेगळा हार्नेस (वायरींचा जुडगा) घालून बसवलेला असतो. स्टिअरिंगखालचे कव्हर काढून तो हार्नेस सोडवावा आणि मूळ दोन प्लग एकमेकांत बसवावेत. चालता चालता गाडी बंद पडण्याची तक्रार काही वेळा एवढ्यानेच मिटते, म्हणून तशी तक्रार असेल तर बॅटरी तपासल्यावर आम्ही आधी हेच करतो. बाकीच्या वस्तू वायर न सोलता चिमट्याने दाबून बसवायच्या प्लॅस्टिकच्या जोडांनी घेतलेल्या असतात. त्यातले पाते वायरच्या काही तारा कापते, ओल शिरते आणि तांबे आतल्या आत काळे पडते. असा जोड नुसता काढून टेप गुंडाळू नये. चकचकीत तांबे लागेपर्यंत वायर मागे कापावी, तेवढ्याच जाडीचा तुकडा घालून क्रिम्प (धातूची नळी दाबून जोड) किंवा सोल्डर करावे आणि आत गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवावी. शेजारच्या वायरींचे जोड एकाच रेषेत येऊ देऊ नयेत. वायर जिथे वाकते किंवा थरथरते तिथे सोल्डर टाळावे, त्याच्या कडेला तारा तुटतात.

उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल तर निगेटिव्ह केबल सोडवून मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या खाचेत घालून मीटर मालिकेत, म्हणजे ती केबल आणि बॅटरीचा खांब यांच्यामध्ये, जोडावा. दाराच्या चौकटीतला दिव्याचा स्विच दाबून ठेवावा म्हणजे आतला दिवा विझतो, आणि अर्धा तास थांबावे. मीटर जोडलेला असताना किल्ली फिरवू नये, मीटरचा फ्यूज जाईल. ५० मिलिअँपिअरपर्यंतची गळती ठीक आहे. ३०० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला ७ अँपिअर-तासांहून जास्त, आणि या गाड्यांमधली लहान बॅटरी चार-पाच दिवसांत झोपते. मग एकेक फ्यूज काढून आकडा कशाने उतरतो ते पाहावे.

काही दोष त्या त्या मॉडेलचे ठरलेले आहेत. ३००झेडएक्सचा इग्निशन पॉवर ट्रान्झिस्टर (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा भाग) इंजिनच्या पुढच्या बाजूला उष्णतेत बसतो. गाडी गरम झाल्यावर बंद पडून गार झाल्यावर सुरू होत असेल तर आधी तो पाहावा. त्याच गाडीत इंजेक्टरच्या (पेट्रोल फवारणाऱ्या भागाच्या) कनेक्टरच्या पिना गंजतात. इंजेक्टर १० ते १४ ओहम दाखवत असेल आणि तरी सिलिंडर मेलेला असेल तर दोष कनेक्टरचा. निसानच्या एअर फ्लो मीटरमध्ये (इंजिनात जाणारी हवा मोजणारा भाग) सोल्डरला बारीक तडे जातात. आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसते चालू) स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकावे. इंजिन अडखळले तर सोल्डर पुन्हा करावे, नवा मीटर घ्यायची घाई नको. होंडा एनएसएक्सच्या मेन रिलेचेही (फ्युएल पंपाला वीज देणारा स्विच) तसेच: उन्हात तापल्यावर पंप चालत नाही. आणि मित्सुबिशी जीटीओच्या बाबतीत ईसीयूवरचा संशय खराही ठरतो, कारण त्या काळातले कपॅसिटर गळतात. झाकण उघडल्यावर मासळीसारखा वास आणि कपॅसिटरच्या पायांशी तपकिरी डाग दिसला की समजावे. तितक्याच मायक्रोफॅरडचे, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे आणि १०५ अंश सेल्सिअस उष्णता सोसणारे कपॅसिटर घालावेत, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा. हे लवकर केले तर ईसीयू वाचतो. उशीर झाला की बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खाल्ल्या जातात.

दोष नसताना दोष समजल्या जाणाऱ्या गोष्टीही सांगायला हव्यात. त्या काळातला जपानी एफएम रेडिओ ७६ ते ९० मेगाहर्ट्झचाच असतो, त्यामुळे ९० मेगाहर्ट्झच्या वरची स्टेशने ऐकू येणार नाहीत. त्यासाठी वायरिंग उघडू नये. सुप्रा आणि स्कायलाइनमध्ये आयडलला फ्युएल पंपाला मुद्दाम कमी व्होल्टेज दिले जाते. १६ पिनांचे सॉकेट दिसले तरी साधा ओबीडी स्कॅनर (गाडीतले दोषाचे कोड वाचणारे यंत्र) त्याच्याशी बोलेलच असे नाही. जुन्या टोयोटात निदानाच्या डबीतले ‘टीई-१’ आणि ‘ई-१’, माझदात ‘टेन’ आणि ‘जीएनडी’ जोडले की इंजिनचा दिवा लुकलुकून कोड सांगतो. निसानच्या कोडमध्ये ११ म्हणजे क्रँक अँगल सेन्सर, १२ एअर फ्लो मीटर, १३ पाण्याच्या तापमानाचा सेन्सर, ५५ म्हणजे सगळे ठीक. १३ आला म्हणून सेन्सर लगेच फेकू नये: २० अंशांना सुमारे २.५ किलोओहम आणि ८० अंशांना सुमारे ०.३ किलोओहम मिळाले तर तो चांगला आहे, वायर तपासावी.

वायरिंगचा नकाशा जपानी बाजारातल्या त्याच इंजिनाचा आणि त्याच वर्षाचा मिळवावा. निर्यातीच्या मॉडेलच्या नकाशात पिना वेगळ्या असू शकतात. त्यातली ‘बी’ म्हणजे काळी आणि ‘एल’ म्हणजे निळी. दोन अक्षरे असतील तर पहिले वायरच्या रंगाचे, दुसरे पट्ट्याचे. क्रँक आणि नॉक (इंजिनातली ठोक ओळखणारा) सेन्सरच्या वायरींवर जाळीचे कवच असते. ते एकाच टोकाला अर्थ केलेले असते. दुरुस्तीत दुसरे टोकही कुणी अर्थला जोडले असेल तर ते सोडवावे, आणि मगच सेन्सरची तपासणी करावी.

आपले,
वाहन-विद्युत दुरुस्ती करणारे काही वाचक