भाव चढला की सापडणारी गाडी

प्रति,
मा. रेल्वेमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: नाशिक जिल्ह्यातील कांद्याला पडत्या बाजारातही रेल्वे मिळण्याबाबत

महोदय,

२०२४ च्या दिवाळीआधी दिल्लीत कांदा साठ-सत्तर रुपयांवर गेला, तेव्हा आमच्या लासलगावहून एक अख्खी मालगाडी निघाली. ४२ डबे, १,६०० टन कांदा. १७ ऑक्टोबरला सुटली आणि २० तारखेला दिल्लीच्या किशनगंज स्टेशनात लागली. 'कांदा एक्स्प्रेस' म्हणून फोटो छापून आले. पाठोपाठ चेन्नई आणि गुवाहाटीकडेही कांद्याचे रेक, म्हणजे मालडब्यांचे पूर्ण संच, गेले. माल सरकारने भाव आवरण्यासाठी राखलेल्या बफर साठ्यातला होता, त्यामुळे डबे मिळायला अडचण आली नसावी. मनात आणलं तर रेल्वे तीन-चार दिवसांत इथला कांदा राजधानीत उतरवू शकते, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

भाव चढला की सापडणारी ही गाडी भाव पडल्यावर कुठे असते, एवढंच विचारायला हे पत्र.

फेब्रुवारी २०२३ आठवा. सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा आणला. लिलावात भाव निघाला किलोला एक रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई कापून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, झाली आणि हातात दोन रुपयांचा चेक पडला, तोही पुढच्या तारखेचा. ती पट्टी देशभर फिरली. लोकांनी व्यापाऱ्याला शिव्या घातल्या, त्या घालाव्यात. पण पट्टीतले जवळजवळ सगळे पैसे माल शेतातून बाजारापर्यंत आणण्यात आणि तिथे उतरवण्या-मोजण्यात गेले होते, इकडे फार कुणी पाहिलं नाही. राज्य सरकारने नंतर क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, दोनशे क्विंटलपर्यंत. मग सातबारावर पीकपेऱ्याची नोंद आहे का, यावर महिनोन्‌महिने तलाठ्याकडे खेटे. त्या पैशांतला काही भाग महिनाभर आधी भाड्यावर खर्च झाला असता तर माल हलला असता.

दिल्लीत बसून हंगाम सगळे सारखेच वाटत असतील, म्हणून थोडं सांगतो. उन्हाळ कांदा साठवणीच्या कांदाचाळीत चार-पाच महिने राहतो. घटतो, सडतो, पण राहतो. शेतकऱ्याला थांबायची सोय असते. लाल कांद्याचं तसं नाही. दिवाळीच्या आसपासचा पोळ असो की जानेवारी ते मार्चचा रांगडा, त्यात पाणी जास्त, साल पातळ. काढला की पंधरा दिवसांत विकावाच लागतो. ट्रॅक्टरची ट्रॉली बाजार समितीत उभी केली आणि भाव पटला नाही, तरी परत न्यायची सोय नाही, कारण घरी जाऊन त्याला कोंबच येणार. आवक एकदम वाढते, व्यापाऱ्यांच्या खळ्यांवर गोण्यांच्या थप्प्या लागतात, आणि व्यापारी सरळ सांगतो की पुढे गाडी नाही, म्हणून आज खरेदी कमी. त्या दिवशी लिलावाचा आकडा खाली येतो. कांदा त्या दिवशी पाटण्यात किंवा गुवाहाटीत कितीला विकतोय, याचा त्या आकड्याशी संबंध राहत नाही.

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकचालकांनी संप केला. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंमधून इंधनाचे टँकर हलेनात, पंपांवर रांगा लागल्या. त्याच हिवाळ्यात, ८ डिसेंबर २०२३ पासून, कांद्यावर निर्यातबंदीही होती. बंदी घालणारं खातं तुमचं नाही, म्हणून तो राग इथे काढत नाही. पण बंदीमुळे देशातच अडकलेला माल पूर्वेकडे न्यायला तेव्हा ट्रकशिवाय दुसरा आधार हवा होता.

भाड्याचा हिशेब सरकारनेच मांडला आहे. कांदा एक्स्प्रेसच्या वेळी ग्राहक व्यवहार विभागाने सांगितलं की नाशिक ते दिल्ली एका रेकचा, म्हणजे ५६ ट्रकांचा, माल रस्त्याने न्यायला ८४ लाख रुपये लागतात आणि रेल्वेने ७० लाख २० हजार. १,६०० टनांवर वाटलं तर क्विंटलला साधारण ८६ रुपयांचा फरक. कांदा तीन हजारांवर असताना या ८६ रुपयांकडे कुणी बघत नाही. चार-पाचशेवर असताना मात्र तेवढ्यातच शेतकऱ्याचा काढणीचा खर्च निघतो की नाही हे ठरतं.

यावर तुमचे अधिकारी म्हणतील की ट्रक खळ्यावरून थेट गिऱ्हाइकाच्या गाळ्यावर जातो, रेल्वेला ते जमत नाही. बरोबर आहे. रेल्वेने न्यायचं तर गोणी आधी खळ्यावरून मालधक्क्यावर, मग डब्यात, तिकडे डब्यातून खाली, पुन्हा गाडीत. प्रत्येक वेळी हमाली, प्रत्येक वेळी थोडा दणका. ८६ मधले बरेच रुपये तिथेच जिरतात. दिल्लीसाठी ट्रक परवडत असेल तर आमची तक्रार नाही. पण आसाम, बिहार, बंगाल एवढ्या लांब पल्ल्याला रेल्वेला तोड नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर लासलगावचा कांदा रेल्वेने बांगलादेशातल्या दर्शनापर्यंत गेला.

खरी अडचण रेकच्या आकाराची आहे. १,६०० टन म्हणजे ५० किलोच्या ३२ हजार गोण्या. त्या ठरलेल्या तासांत भरायच्या, नाहीतर डॅमरेज, म्हणजे उशिराचा दंड. रेक रात्री दोनला लागला तर तेवढे हमाल आणायचे कुठून? हे मोठ्या व्यापाऱ्याला झेपतं. आमच्यासारख्या शेतकरी उत्पादक कंपन्यांना एका वेळी दोन-तीन डब्यांपुरता माल जमवता येतो, त्यांना या खेळात जागाच नाही.

आणि यावरचा उपाय तुमच्याच खात्याने करून दाखवला होता. ७ ऑगस्ट २०२० ला देवळाली ते बिहारमधलं दानापूर अशी पहिली किसान रेल, म्हणजे शेतमालाची पार्सल गाडी, सुटली. त्याच वर्षी २८ डिसेंबरला सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारकडे शंभरावी. किमान मालाची अट नव्हती. तीन किलो डाळिंबांचं पार्सलही या गाडीने गेलं, हे पंतप्रधानांनीच तेव्हा भाषणात सांगितलं होतं. भाड्यात निम्मी सवलत होती. जानेवारी २०२३ पर्यंत २,३०० च्या वर फेऱ्या झाल्या, पावणेआठ लाख टनांहून जास्त माल गेला. मग सवलत आटली आणि गाड्याही. सवलतीशिवाय मागणी राहिली नाही, हे कारण पटण्यासारखं नाही. प्रवासी गाड्यांच्या तिकिटातही सरकार तोटा सोसतंच की.

आमची मागणी बारमाही सवलतीची नाही. लाल कांद्याच्या हंगामात, डिसेंबर ते मार्च, आठवड्यातल्या ठरलेल्या वारी एक पार्सल गाडी लासलगाव किंवा मनमाडहून दानापूरमार्गे गुवाहाटीकडे सोडा. एक-दोन डब्यांचंही बुकिंग घ्या. बंद लोखंडी डब्यात कांदा उबतो, म्हणून हवा खेळणारे डबे द्या. मालधक्क्यावर छत आणि रात्री दिवे तरी हवेत. जानेवारीत अवकाळी आला की ताडपत्री पुरत नाही. लासलगावचा सरासरी भाव एका ठरावीक आकड्याखाली गेला की भाड्याची सवलत आपोआप लागू व्हावी आणि वर गेला की थांबावी. आकडा कृषी खात्याबरोबर बसून ठरवा, आम्ही चर्चेला येऊ.

वेळापत्रक नोव्हेंबरअखेर जाहीर झालं, तर रांगडा कुणाला विकायचा आणि कुठे पाठवायचा हे आम्हाला काढणीआधीच तिकडच्या आडत्यांशी बोलून ठरवता येईल.

कळावे,
एक कांदा उत्पादक
निफाड तालुका, जि. नाशिक