बाबांच्या प्रश्नाचे उत्तर, हिशेबासह

कोल्हापूर, २ फेब्रुवारी

प्रिय आई-बाबा,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

तुम्ही पुण्याला दादाकडे गेल्यापासून फोनवर रोज बोलणे होते. पण फोनवर बाबा 'बरं, बरं' म्हणून विषय मिटवतात आणि आई जेवण झाले का एवढेच विचारते, म्हणून हे पत्र. शिवाय हिशेब फोनवर देता येत नाही, आणि अठरा वर्षे आपल्या चर्चच्या मंडळीचे खजिनदार राहिलेल्या माणसाला तर मुळीच नाही.

रुग्णांसाठी निधी जमवायच्या आमच्या सायकलफेरीला निघण्याच्या आदल्या रात्री बाबा, तुम्ही विचारले होते, "दान करायला सायकल कशाला लागते?" मी हसून वेळ मारून नेली, कारण माझ्याजवळ उत्तर नव्हते. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याने आणि तिथून आंबोली घाट चढून घरी, असे नऊ दिवस तो प्रश्न कॅरिअरवर बसून माझ्याबरोबर आला.

आधी हिशेब. आम्ही अकरा जण होतो. ओळखीच्यांनी दर किलोमीटरमागे पाच किंवा दहा रुपये देण्याचे कबूल केले होते. ते आणि वाटेत मिळालेले धरून ३,१२,४५० रुपये जमले. राहणे, जेवण आणि मागून येणाऱ्या टेम्पोचे डिझेल हा सारा खर्च आम्ही आपापल्या खिशातून केला. रक्कम डायलिसिसच्या रुग्णांसाठी आहे. आठवड्यातून दोनदा-तीनदा, दर वेळी सुमारे चार तास यंत्राला जोडून घ्यावे लागणाऱ्या माणसाचा रोज बुडतो, सोबत येणाऱ्याचाही बुडतो, आणि एस.टी.चे भाडे लागते ते वेगळेच. त्यासाठीच हे पैसे वापरायचे ठरले आहे.

किनाऱ्याचा रस्ता सपाट असेल अशी माझी समजूत होती. कोकणात मात्र रस्ता खाडीपर्यंत उतरतो, पलीकडे पुन्हा जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, चढतो, आणि सड्यावर जरा दम खावा तोवर पुढची खाडी येते. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे आणि तवसाळहून जयगड अशा चार खाड्या आम्ही फेरीबोटीने ओलांडल्या. बोटीतली ती थोडी मिनिटेच काय ती खरी विश्रांती. डोंगरांकडे दृष्टी लावून साहाय्याची वाट पाहणाऱ्या स्तोत्रकर्त्याची आठवण मला प्रत्येक चढावर येई, पण आधी हलका गिअर आठवे, हे कबूल करते.

अलिबागहून दुपारी निघाल्यामुळे पहिला मुक्काम कोर्लईलाच झाला. तिथले ख्रिस्ती लोक पोर्तुगीज काळापासून घरात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून तयार झालेली आपली वेगळीच बोली बोलतात. संध्याकाळी मी त्यांच्या कॅथलिक चर्चमध्ये मागच्या बाकावर बसले. बाबा, तुम्हाला हे फारसे रुचणार नाही, आणि रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू झाल्यावर मीही हात कुठे ठेवावेत या विचारात पडले. पण शेजारच्या आजींनी, मी कोण, कुठली, कोणत्या पंथाची हे काही न विचारता थोडे सरकून जागा दिली.

मधला रविवार रत्नागिरी जिल्ह्यात आला. जवळ आपली मंडळी नव्हती, म्हणून मुक्कामाच्या घराच्या पडवीतच आम्ही तिघांनी उपासना केली. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १८६१ साली याच जिल्ह्यात, करजगावला जन्मले, हे मी सोबतच्यांना सांगितले, आणि त्यांचे एक भजन म्हटले. अभंगाच्या चालीवर येशूचे नाव ऐकून यजमान काका आतून टाळ घेऊन आले. ते स्वतः वारकरी. टाळ धरायला मला जमला नाही, तेव्हा तो त्यांनीच वाजवला.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले ते सांगते. परत आल्यावर दसरा चौकात आमचे स्वागत झाले. आमच्या जर्सीच्या पाठीवर ज्यांचे नाव छापले होते त्या देणगीदारांनी दाराएवढा मोठा पुठ्ठ्याचा धनादेश करून आणला होता, आणि फोटोत तो रुग्णांनीच धरावा असा त्यांचा आग्रह होता. चार रुग्णांना त्यासाठी बोलावून घेतले होते. त्यांतल्या एका बाईंनी, फोटोग्राफरने कॅमेरा वर करताच, डायलिसिसच्या सुयांनी फुगलेली हातावरची शीर पदराखाली झाकली. फोटोग्राफर त्यांना पदर बाजूला घ्यायला सांगत होता. मी तिथेच उभी होते आणि काही बोलले नाही.

उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे वचन मी शब्बाथशाळेपासून ऐकत आले. ते देणाऱ्याच्या गर्वाला वेसण घालण्यासाठी आहे, एवढेच मला आजवर उमगले होते. आपल्या घरातून शाळेच्या फीची पाकिटे नाव न घालता जात, तेव्हा तो मला बाबांचा भिडस्तपणा वाटे. तो पदर पाहिल्यावर कळले की ते वचन घेणाऱ्याची लाजही झाकते. तुम्ही पाकिटावर नाव का घालत नव्हता ते मला चाळिसाव्या वर्षी समजले. परवाच्या बैठकीत मी पुढच्या वर्षी रुग्णांचे फोटो नकोत असे मांडले. फोटो नसले तर देणगीदार येणार नाहीत, असे काहींचे म्हणणे पडले, आणि ते अगदीच खोटे आहे असे मला म्हणता येत नाही. निर्णय पुढे ढकलला आहे.

तरीही सायकल कशाला लागते, याचे थोडेसे उत्तर मला हर्णैच्या बंदरावर मिळाले. संध्याकाळच्या लिलावात मासळी घ्यायला आलेल्या एका मावशींनी माझी जर्सी पाहून हे काय म्हणून विचारले. मी सांगितले. त्यांनी कमरेच्या पिशवीतून ५० रुपये काढून दिले. घरात बसले असते तर ना त्या मला भेटल्या असत्या, ना मी त्यांना. मी पावतीपुस्तक काढून नाव विचारले, तर म्हणाल्या, "लिही हर्णै," आणि टोपली उचलून चालू लागल्या.

पावतीची स्थळप्रत माझ्याकडे आहे. देणाऱ्याचे नाव: हर्णै, रुपये ५०. बाबा, अशी नोंद तपासनीस मान्य करतात का, ते कळवा. आई, गुडघ्याला तेल लावायला विसरू नकोस. माझे गुडघे ठीक आहेत.

तुमची,
धाकटी