इक्वेडोर पक्षीनिरीक्षण सहल : रविवारची बैठक आणि लस

सहलीला येणाऱ्या सर्व सभासदांनी येत्या रविवारी सकाळी १० वाजता दादरच्या आपल्या नेहमीच्या सभागृहात यावे. पासपोर्ट आणि दुर्बीण सोबत आणा.

यलो फीवरची लस मान्यताप्राप्त केंद्रातच, निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या. साठीपुढच्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. प्रमाणपत्र नसेल, तर परतताना मुंबई विमानतळावर विलगीकरणात ठेवू शकतात. म्हणून यात कोणालाही सवलत नाही.

मिंदोच्या मेघवनात, म्हणजे डोंगरावरच्या ढगांनी वेढलेल्या जंगलात, कॉक-ऑफ-द-रॉक या पक्ष्याचे लालभडक नर झुंजूमुंजू होताच फांद्यांवर जमून माना झुकवत ओरडतात. हे चुकवू नयेच, तेव्हा अंधारातच निघायचे. तिथे स्वेटर लागेल. नापो नदीकाठच्या सखल वर्षावनात मात्र घामाच्या धारा, सुती कपडे घ्या.

- मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नयेत.
- फ्लॅश बंद.
- भडक रंगाचे कपडे नकोत.

येणे जमत नसल्यास शुक्रवारपर्यंत सहल समितीला कळवा.