बाबांच्या प्रश्नाला उत्तर देणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

जय ख्रिस्त.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. बाबांच्या मनात होता तोच प्रश्न घेऊन अंथरुणावर पडलेली माणसं या नागपुरात आणखीही असतील. त्यांच्या लेकीसुनांपर्यंत हे पोचावं, असं वाटतं.

बाबांची उभी हयात भूमी अभिलेख कार्यालयात गेली. कागद नसेल तर हक्क नाही, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. आजारपणात सगळं जुनं वर येऊ लागलं. भावाशी तोडलेलं नातं, आईला बोललेलं काहीबाही. "मले सारं आठवते, पोरी. देवाले बी आठवत असन का?" असं रोज विचारायचे. प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेणंही त्यांनी सोडलं होतं, आपण त्या लायकीचे नाही म्हणून. मी क्षमेची वचनं वाचून दाखवायची, ते मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न.

अशात तुम्ही आलात. भर मे महिन्यात, सदरहून मानेवाड्यापर्यंत, तुमच्या वयात. आजाऱ्याजवळ बसून लोक 'परमेश्वर माझा मेंढपाळ' हे तेविसावं स्तोत्र वाचतात. तुम्ही बायबलमधलं 'इब्री लोकांस पत्र' उघडलंत आणि कुलरच्या आवाजावर आवाज चढवून सातवा अध्याय वाचायला सुरुवात केलीत. मला ते फार अवघड वाटलं होतं. बाबांना मात्र पहिल्याच दिवशी शंका सुचली: येशू तर यहूदाच्या वंशातला, याजकपण, म्हणजे लोकांसाठी देवापुढे यज्ञ करण्याचा हक्क, लेवीच्या वंशाकडे, मग हा महायाजक कसा? नोंद कुठे आहे?

तुम्ही किती खूश झालात! म्हणालात, पत्र लिहिणाऱ्यालाही हाच प्रश्न पडला आहे. यहूदाच्या वंशाबद्दल मोशे याजकपणाचं काही बोलला नाही, हे तो स्वतःच कबूल करतो. मग तुम्ही बाबांना उत्पत्ती या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात नेलंत. लढाईहून परतणाऱ्या अब्राहामाला भाकर आणि द्राक्षारस घेऊन सामोरा आलेला शालेमचा राजा मलकीसदेक, परात्पर देवाचा याजक. त्याची वंशावळ शास्त्रात कुठेच नाही. तरी अब्राहामाने त्याला दशमांश दिला आणि त्याच्याकडून आशीर्वाद घेतला. अब्राहामाचा पणतू लेवी तेव्हा जन्मायचाच होता. पुढे स्तोत्र 110 मध्ये देव शपथ वाहतो, की तू मलकीसदेकाच्या परंपरेप्रमाणे युगानुयुग याजक आहेस. लेवीच्या वंशातल्या अहरोनाचे वंशज शपथेवाचून याजक होत आणि मृत्यू आला की जागा रिकामी करत. येशूची नेमणूक देवाच्या शपथेवर झाली आणि हा पुन्हा कधी मरणार नाही. "म्हणजे नोंदीपेक्षा पक्कं," बाबा म्हणाले. त्या दिवशी ते पहिल्यांदा उशीला टेकून बसले.

पण त्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर तुम्ही दहाव्या अध्यायासाठी राखून ठेवलं होतं. त्याआधी लेवीय या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातला प्रायश्चित्ताचा दिवस तुम्ही बाबांच्या डोळ्यांपुढे उभा केलात. वर्षातून एकदाच महायाजक पडद्याच्या आत, परमपवित्रस्थानात जाई, तोही रक्त घेऊन. आधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा, मग लोकांसाठी बकरा. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. इब्रीचा लेखक म्हणतो, त्या यज्ञांनी दरवर्षी पापांची आठवण होत असे. हे वाक्य तुम्ही सावकाश दोनदा वाचलंत. बाबांचं अगदी तेच चाललं होतं, फक्त त्यांना ते वर्षातून एकदा होत नव्हतं, रोज होत होतं.

मग तो याजक, जो दररोज उभा राहून तेच ते यज्ञ करतो. निवासमंडपात, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूत, मेज होतं, दीपवृक्ष होता, धूपवेदी होती. याजकाला बसायला आसन मात्र नव्हतं, कारण काम संपतच नव्हतं. ख्रिस्ताने एकदाच स्वतःला अर्पण केलं आणि तो देवाच्या उजवीकडे बसला. बाबा म्हणाले, "बसला म्हणजे काम झालं."

त्याच दहाव्या अध्यायात पुढे यिर्मया संदेष्ट्याचे शब्द येतात. त्याने देवाच्या नव्या कराराचं वचन सांगितलं ते यरुशलेम बाबेलच्या हाती पडण्याच्या काळात, इ.स.पूर्व 586 च्या आसपास. सीनाय पर्वताशी लोक म्हणाले होते, परमेश्वराने सांगितलं ते सगळं आम्ही करू, आणि थोड्याच दिवसांत सोन्याचं वासरू उभं राहिलं. यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायात बोलणारा देव आहे आणि करणाराही तोच: मी माझं नियमशास्त्र त्यांच्या हृदयावर लिहीन, मी त्यांच्या अधर्माची क्षमा करीन, त्यांचं पाप मी यापुढे स्मरणार नाही. बाबांनी ते शेवटचं वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं.

बाई, त्यांचं आठवणं थांबलं, असं मी म्हणणार नाही. भावाचं नाव निघालं की ते शेवटपर्यंत रडत. पण देवाला आठवत असेल का, हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही. तुम्हीच सांगितलं होतं ना, की आपला महायाजक अश्रूंना परका नाही. त्यानेही मोठा आक्रोश करत आणि अश्रू गाळत प्रार्थना केल्या, आणि आताही तो आपल्यासाठी मध्यस्थी करायला जिवंत आहे. त्या भरवशावर बाबा मनमोकळे रडायचे.

मग एका रविवारी त्यांनी स्वतःहून पाळकसाहेबांना बोलावलं. हा प्याला माझ्या रक्तातला नवा करार आहे, हे शब्द आमच्या पुढच्या खोलीत वाचले गेले आणि बाबांनी थरथरत्या हाताने तो घेतला. तुम्ही त्या दिवशी गावाला होतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. तुम्ही तिथे असायला हव्या होतात.

पावसाळ्यात ते गेले. दफनाच्या वेळी त्यांच्या सांगण्यावरून स्तोत्राऐवजी इब्रीचा दहावा अध्याय वाचला.

तुमचे आभार कसे मानावेत मला कळत नाही. वेळ दिलात, उन्हातून आलात, ते तर आहेच. पण सगळ्यात मोठं म्हणजे, एका आजारी म्हाताऱ्याला सोपं काहीतरी सांगून गप्प केलं नाहीत. त्याला अवघड अध्याय समजेल, असा विश्वास धरलात.

आता एक विनंती. आमच्या भागातल्या चार-पाच घरांना इब्री लोकांस पत्र तुमच्यासोबत वाचायचं आहे. बसने यायचं नाही. सदरहून आणायला आणि परत सोडायला मी येईन. वार तुम्ही सांगा.

तुमची,
मानेवाड्याची लेक