फुटाण्याच्या पुडीवर आधार कार्ड

मा. संपादक,

पीककर्ज अन् पीकविम्याचे दिवस आले की आमच्या तालुक्यात झेरॉक्सच्या दुकानांपुढे रांगा लागतात. काळी किंवा तिरपी आलेली प्रत लोक तिथेच टाकून जातात. मागच्या आठवडी बाजारात मला फुटाणे मिळाले ते अशाच कागदाच्या पुडीत. एका म्हाताऱ्या बाईचा फोटो, पूर्ण बारा आकडी आधार क्रमांक, खाली निळ्या शाईचा अंगठा. जीव चरकला. आधारवर पैसे काढताना क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा लागतो, ओटीपी लागत नाही.

बोटांचे ठसे आधारच्या अधिकृत मोबाइल अ‍ॅपवर लॉक करता येतात आणि लागतील तेव्हा उघडता येतात. आमच्या बचत गटातल्या बायांनी ते करून घेतले. शेवटचे चारच आकडे दिसणारे मास्क्ड आधारही मिळते. जिथे चालते तिथे तेच द्यावे, अन् प्रतीवर काम व तारीख लिहून सही करावी. अशा प्रतीवर कुणी आपल्या नावाने सिम तर घेतले नाही ना, ते सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर दिसते. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.

अडचण म्हाताऱ्यांची आहे. आधारला जोडलेला त्यांचा मोबाइल नंबर कधीचाच बंद पडलेला, मग ठसे लॉक करायला लागणारा ओटीपी येणार कुठे? नंबर बदलायला बहुतेकांना आधार केंद्र गाठावे लागते, आणि ते तालुक्याला. प्रशासनाने पेरणीआधी गावोगावी, निदान मोठ्या गावांत तरी, त्यासाठी शिबिरे घ्यावीत. झेरॉक्सवाल्यांनीही खराब प्रती रद्दीत न विकता तिथेच फाडाव्यात.

– बचत गटाची सचिव, ता. दारव्हा, जि. यवतमाळ