सातबाऱ्यावर तिचे नाव: महसूलमंत्र्यांना खुले पत्र

मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सविनय नमस्कार.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे महिला शेतकऱ्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केले आहे. त्यानिमित्ताने सत्कार होतील, शाली वाटल्या जातील आणि देशाच्या विकासातील स्त्रियांच्या वाट्यावर भाषणेही होतील. आमची मागणी त्याहून लहान असून ती सर्वस्वी आपल्या खात्याच्या अखत्यारीत येते: ज्या जमिनीवर आम्ही राबतो, तिच्या सातबाऱ्यावर आमचे नाव कब्जेदार, म्हणजे जमीनधारक, म्हणून लागावे.

ग्रामीण भागात काम करणाऱ्या दर चार स्त्रियांपैकी सुमारे तिघी शेतीतच राबतात. पण २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातील वहितीधारकांमध्ये स्त्रिया जेमतेम १४ टक्के निघाल्या. पीककर्ज, अतिवृष्टीचे अनुदान, सन्मान निधी आणि आता शेतकरी ओळख क्रमांक, या सगळ्यांची सुरुवात सातबाऱ्यावरील नावापासून होते. आमच्या घरची जमीन सासऱ्यांच्या नावावर आहे. खुरपणी, वेचणी आणि फवारणीचे पाणी वाहणे हे सारे माझ्याकडे असले, तरी पीककर्ज देणाऱ्या सोसायटीच्या दारात मी कर्जदाराची सून असते. स्त्रियांना पुरुषांइतकीच साधने मिळाली तर त्यांच्या शेतांचे उत्पादन २० ते ३० टक्क्यांनी वाढू शकेल, असे जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०११ मध्येच म्हटले होते. स्वतःच्या नावावर कर्जच उचलता येत नसेल, तर ती साधने यायची कोठून?

कायदा आमच्या बाजूने आहे. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क देण्याचा निर्णय महाराष्ट्राने केंद्राच्या ११ वर्षे आधी, १९९४ मध्येच घेतला होता, आणि वडील २००५ पूर्वी वारले असले तरी मुलीचा जन्मसिद्ध हक्क कायम राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. मात्र या कायद्याला घरोघरी एक चोरवाट आहे आणि तिचे नाव हक्कसोडपत्र. मी स्वतः त्यावर सही केली आहे. वडिलांच्या वर्षश्राद्धानंतर भावाने गाडी पाठवली, कार्यालयातल्या कारकुनाने संगणकावरची नजर न हलवता "खुशीने सोडताय ना?" असे विचारले, मी मान हलवली, आणि दुपारी वहिनीने नवी साडी देऊन ओटी भरली. भावाबद्दल माझी तक्रार नाही. माहेरची वाट मोकळी राहावी म्हणून बहिणी सही करतात, हे सर्वांनाच ठाऊक आहे. पण माझा हिस्सा कोणत्या गटात होता, किती गुंठे होता आणि त्याचे मोल काय होते, हे मला त्या दिवशी कोणीही सांगितले नाही.

ज्या सही करत नाहीत, त्यांची नावे पुष्कळदा कब्जेदाराऐवजी 'इतर हक्क' या रकान्यात ढकलली जातात, किंवा भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' (एकत्र कुटुंब मॅनेजर) लिहून मुळातच वगळली जातात. आपल्या खात्याने 'जिवंत सातबारा' मोहीम काढून मयत खातेदारांच्या वारसांच्या नोंदी हाती घेतल्या, हे काम निःसंशय चांगले झाले. त्याच मोहिमेत विधवा आणि मुली नेमक्या कोणत्या रकान्यात आहेत, हेही तपासले जावे. हक्कसोडपत्र नोंदवण्यापूर्वी त्या बाईला एकटीला बसवून तिचा हिस्सा, गट क्रमांक आणि शीघ्रसिद्ध गणकानुसार (रेडी रेकनर) येणारी किंमत वाचून दाखवणे बंधनकारक करावे. त्यानंतरही तिला सोडायचे असेल तर तिने खुशाल सोडावे.

राहिली लक्ष्मी मुक्ती. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने बायकोच्या नावे जमीन करण्याची चळवळ गावोगावी नेली आणि १९९२ मध्ये शासनानेही त्याच नावाची योजना आणली. पतीच्या अर्जावर, त्याच्या हयातीतच पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावणारी ही योजना आहे. ती आज कितीजणांना माहीत असेल? प्रत्येक तालुक्यात या योजनेखाली नाव लावण्याचे किती फेरफार नोंदवले गेले, ते आपण दरवर्षी जाहीर करावे, म्हणजे निदान तिची आठवण राहील.

सासूबाईंचे नाव लावण्यासाठी सासऱ्यांचा अर्ज मीच लिहिला होता. "अशी काही योजना नाही," असे सांगून तो परत करण्यात आला. सासूबाईंचे वय ७२ आहे. पेरणी आटोपली की आम्ही तिघे तोच अर्ज घेऊन पुन्हा जाणार आहोत. त्याआधी आपल्या खात्याची लेखी सूचना त्या टेबलापर्यंत पोहोचावी, ही विनंती.

आपली,
परभणी जिल्ह्यातील एक शेतकरी